दुसऱ्या नळीवरचा पापुद्रा

आमच्या फ्रिजच्या दारावर अजून कंपनीचा पापुद्रा आहे. फ्रिज घरात आला त्या दिवसापासून तो तसाच आहे. कडा पिवळ्या पडल्या, हँडलपाशी सुरकुत्या आल्या, पण बायकोने तो कुणाला काढू दिला नाही. "तो आहे तोवर फ्रिज नवा आहे," असं तिचं म्हणणं. रिमोटवर पापुद्रा, मिक्सरच्या बटणांवर पापुद्रा. माझ्या घड्याळाच्या काचेवरचा मी एकदा तिच्या नकळत काढला तर म्हणाली, "तुम्हाला कामावर पुरेसे मिळत नाहीत का सोलायला?"

तिचं खरं होतं. पापुद्रे सोलणं हेच माझं काम आहे.

ती जाऊन आता काही महिने झाले. मुलगी लग्न होऊन लांब असते. घरात मी एकटा, आणि मला बसवत नाही. खुर्चीत बसलो की उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, परत वर येऊन पुन्हा ओढतो. पूर्वी मी एकदाच ओढायचो, कारण माझ्यामागून ती ओढायची. मी ओढलेलं तिला कधी पुरायचंच नाही. "तुम्ही ओढलं ते तुम्ही ओढलं," म्हणायची आणि स्वतः एक हिसका द्यायची. मला तेव्हा राग यायचा.

फ्रिजच्या हँडलवरच्या पापुद्र्याची एक कड सुटली आहे. रोज सकाळी मी ती अंगठ्याने दाबून बसवतो. बसत नाही, हात काढला की पुन्हा वर येते. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या सकाळीही मी ती दाबली, आणि कामावर गेलो.

मी उपग्रह सोडण्याच्या तळावर तंत्रज्ञ आहे. तिथे सगळे मला काका म्हणतात, साहेबसुद्धा. रॉकेट लांबून केवढंतरी दिसतं, पण त्यात बहुतेक टाक्या आणि इंधनच. जे खरोखर वर न्यायचं असतं ते अगदी टोकाला, एका कवचाच्या आत बसवलेलं असतं. हवेतून जोरात जाताना उपग्रहाला काही होऊ नये म्हणून ते कवच. वर हवा संपली की कवच दुभंगून गळून पडतं. या कवचाला एक लहान दार असतं, खांद्यापर्यंत हात आत जाईल एवढं. रॉकेट उभं राहिल्यावर, सगळं झाल्यावर, उपग्रहाला शेवटचा हात लागतो तो या दारातून. तो हात माझा.

आत काय करायचं, तर उपग्रहावर जी जी झाकणं आणि टोपणं वाहतुकीसाठी लावलेली असतात ती काढायची. प्रत्येकाला लाल फीत असते. काढलेलं टोपण फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचं. फळा भरला म्हणजे आत काही राहिलं नाही. हे कुणालाही समजेल. पण पापुद्र्याला फीत नसते.

उपग्रहाला दोन कॅमेरे असतात, दोन नळ्यांच्या तळाशी बसवलेले. ते जमिनीकडे बघत नाहीत, ताऱ्यांकडे बघतात. वर गेल्यावर तिथे वर-खाली असं काही नसतं, त्यामुळे आपलं तोंड कुठे आहे हे उपग्रहाला तारे बघूनच कळतं. त्या नळ्यांच्या तोंडावर झाकण असतं, आणि झाकणाखाली एक पातळ, काचेसारखा आरपार पापुद्रा ताणून बसवलेला असतो, धूळ जाऊ नये म्हणून. झाकण काढल्यावर तो सोलायचा. राहिला तर वर जाऊन कॅमेऱ्याला तारे धुरकट दिसणार, आणि तिथे जाऊन सोलणारा कुणी नाही. दिव्याच्या उजेडात तो डोळ्याला दिसत नाही. बोट मात्र फसत नाही. नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं. आत गेलं तर पापुद्रा निघाला, अडलं तर राहिला.

म्हणून दारावर जोडी असते. एकाने काढायचं, दुसऱ्याने तपासायचं. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकायचं नाही. स्वतःचा हात घालायचा, स्वतःचं बोट फिरवायचं आणि मगच हेडफोनच्या माइकमध्ये "काढलं" म्हणायचं. ते 'काढलं' खाली नियंत्रण कक्षात ऐकू जातं आणि तेच खरं मानतात.

माझ्या जोडीला जी बाई आहे तिला सगळे फौजदार म्हणतात. माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. तिच्या तपासणीला मी वर्षानुवर्षं वैतागलो आहे. मी हात बाहेर काढायच्या आत तिचा हात आत. एकदा मी म्हणालो, "अगं, आत्ताच काढलाय, माझ्या हातात आहे बघ." तर म्हणाली, "काका, बाजूला व्हा. तुमच्यावर विश्वास ठेवायचा मला पगार नाही." हे मी घरी येऊन सांगितलं तर बायको खूश. "एकदा जेवायला आणा हो तिला," म्हणाली. आणली. दोघींनी मिळून माझी काय ती तपासणी केली त्या दिवशी.

बायको गेली आणि फौजदार बदलली. माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. डबा उघडून माझ्यापुढे सरकवायची. तळावर सगळ्यांचंच तसं झालं होतं. मी आलो की लोक हसणं थांबवायचे. साहेबांनी बोलावून सांगितलं, "काका, रजा घ्या थोडी."

"घरी काय करू, साहेब?"

"तेही आहे." त्यांनी चष्मा पुसला. "पण दारावर उभं राहायचं तर डोकं ठिकाणावर हवं. जरा जरी इकडेतिकडे वाटलं तर मी तुम्हाला भांडारात बसवीन. राग मानू नका."

राग नव्हता, भीती होती. भांडारात बसायचं म्हणजे हातमोज्यांचे गठ्ठे आणि स्क्रूच्या डब्या, आणि समोर भिंत. घरात बसवत नाही तो माणूस तिथे काय बसणार? ते दार एवढी एकच जागा उरली होती, जिथे माझे हात स्वस्थ असायचे.

त्या दिवशी रॉकेट संध्याकाळी सुटायचं होतं. सकाळी मी आणि फौजदार मनोऱ्यावर गेलो. पांढरे झगे, मास्क, हातमोजे. पहिल्या नळीचं झाकण काढून तिच्याकडे दिलं, पापुद्रा चिमटीत धरून सोलला, चिंध्या टाकायच्या पिशवीत टाकला. फौजदारने हात घातला, "काढलं" म्हणाली. मग दुसरी नळी. ती पलीकडच्या अंगाला असते. तिथे डोळा पोचत नाही. खांदा दाराला टेकवायचा, हात आत वळवायचा आणि सगळं बोटांवर सोडायचं. झाकण निघालं, ते मी मागे दिलं. पुन्हा हात घातला. पापुद्र्याची कड अंगठ्याला लागली.

सुटलेली कड. मला एकदम आमचा फ्रिज आठवला. हँडल, पिवळी पडलेली कड, आणि बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी. मी तिथेच थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"काका?" फौजदार म्हणाली.

मी हात बाहेर काढला. पिशवीपाशी नेऊन चिमूट सोडली. चिमटीत काही होतं का ते पाहिलं नाही. डोळे भरले होते आणि मास्कमुळे पुसता येईना. फौजदारने माझं कोपर धरलं. "झालं, काका. झालं," ती म्हणाली, आणि मग हेडफोनमध्ये, "दुसरी नळी. काढलं."

दार बंद झालं. मी स्वतः त्याचे स्क्रू आवळले. आम्ही खाली आलो.

खाली आलो आणि माझी येरझार सुरू झाली. दुपारी भोंगा होतो, त्यानंतर मनोऱ्यावरून सगळ्यांना उतरवतात आणि वरच्या टाक्यांत इंधन भरायला घेतात. एकदा ते सुरू झालं की रॉकेटजवळ कुणी जात नाही. म्हणजे जे काय बोलायचं ते भोंग्याच्या आत. पण बोलायचं काय? मला पापुद्रा राहिला असं वाटत होतं का? तसंही नव्हतं. अंगठ्याला कड लागली एवढं पक्कं आठवत होतं. पुढे सोललं की नाही, तिथे कोरं. आणि ती कडसुद्धा नळीवरची की सकाळची फ्रिजवरची, हे मी जितक्यांदा आठवून बघितलं तितकं जास्तच गोंधळलं. हात धुवायला गेलो, धुतले, बाहेर आलो, पुन्हा धुवायला गेलो. कॉरिडॉरमधून या टोकाला, त्या टोकाला. सुरक्षारक्षक म्हणाला, "काका, फरशी झिजेल."

मुलीला फोन लावला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जे होतं ते."

"म्हणजे नाही जेवलात. काय झालं?"

"काही नाही गं. काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय आत."

ती म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्हाला रोजच तसं वाटतं. गॅस चालू राहिला म्हणून परवा अर्ध्या रस्त्यातून परत गेलात. चालू होता का?"

"नव्हता."

"कुलूप उघडं होतं का कधी?"

"नाही."

"मग? आणि तुमच्या मागून ती बाई तपासते ना? तिने बघितलं ना? झालं तर."

झालं तर. मी फोन खिशात टाकला. तिने बघितलं ना, हेच माझ्या डोक्यात फिरायला लागलं. मी चालता चालता थांबलो. पहिल्या नळीला फौजदारचा हात माझ्या हाताला घासून आत गेला होता, ते मला नीट आठवत होतं. दुसऱ्या वेळी तिचा हात माझ्या कोपरावर होता. एक हात कोपरावर. दुसऱ्या हातात झाकण, लाल फितीचं. मग आत कुठला गेला?

फौजदार कँटीनमध्ये होती. मी समोर उभा राहिलो.

"बसा ना, काका."

"बसत नाही. दुसऱ्या नळीत तू बोट घातलं होतंस ना?"

तिने ताटातलं ढवळलं. "झालंय सगळं. तुम्ही दोन घास खाऊन घ्या आधी."

"मी ते नाही विचारलं."

"काका, तुम्ही फार लावून घेता मनाला." आवाज इतका मऊ, की आजाऱ्याच्या खाटेपाशी बसून बोलावं तसा.

तिथे माझी खात्री पटली. हाच प्रश्न मी आधी कधी तिला विचारला असता तर तिने मला ताटासकट बाहेर काढलं असतं. 'मी माझं काम केलं की नाही हे तुम्ही मला विचारता?' असं सगळ्या कँटीनला ऐकू गेलं असतं. ती चिडली नाही. चिडायला तिच्यापाशी काही नव्हतं.

मी चिंध्यांची पिशवी शोधायला गेलो. ती अजून खालच्या खोलीत होती. पारदर्शक पिशवी, आत चिकटपट्टीचे तुकडे आणि पापुद्र्यांचा एक गोळा. हे पापुद्रे एकमेकांना असे चिकटतात की गोळी होते. मी पिशवी दिव्यासमोर धरली. उलटीपालटी केली. एक की दोन, सांगता येईना. उलगडायला गेलो असतो तर फाटून चार झाले असते.

भिंतीवर लाल फोन आहे. आमच्याकडे पद्धत अशी, की कुणीही, अगदी झाडूवाल्यानेही, तो उचलून 'होल्ड' म्हणायचं. म्हटलं की सगळं थांबतं. का म्हणालास हे थांबल्यावर विचारतात. आधी नाही. मी तो फोन इतक्या वर्षांत कधी उचलला नव्हता. मला माहीत होतं, उचलला की मी भांडारात. आणि पापुद्रा निघालेला असला, तर तळभर चर्चा, की काकांचं डोकं गेलं, बायको गेल्यापासून.

भोंग्याची वेळ जवळ आली होती. मी फोनपाशी गेलो, परत फिरलो, दारापर्यंत गेलो. दाराची मूठ धरली आणि उगाच ओढून बघितली. ते आमच्या घराचं दार नव्हतं. त्याला कुलूपही नव्हतं. मला तिचा तो हिसका आठवला. मी ओढल्यावर ती का ओढायची? माझ्यावर राग होता म्हणून नाही, मी वेंधळा म्हणूनही नाही. दोघांनी ओढलेलं कुलूप ते बंद कुलूप, असं तिचं साधं गणित होतं.

मी परत गेलो आणि फोन उचलला.

"मी काका बोलतोय. दारावरची जोडी. होल्ड."

साहेब धावतच आले. मागून दोघंतिघं. फौजदारही येऊन दारात उभी राहिली.

"काय राहिलंय, काका?"

"माहीत नाही."

"काही दिसलं?"

"नाही."

"मग होल्ड कशाचा?"

"दुसऱ्या नळीचा पापुद्रा मी सोलला याची मला खात्री नाही, साहेब."

साहेबांनी श्वास सोडला. "पण तपासणी झाली आहे. मी स्वतः ऐकलंय 'काढलं' म्हणून." ते माझ्याशी बोलत होते, पण बघत फौजदारकडे होते.

तिच्याबद्दल माझ्या तोंडून काही जायला नको होतं. फौजदार जमिनीकडे बघत होती. मग तिने मान वर केली.

"मी बोट नाही घातलं, साहेब."

"का?"

"काका रडत होते."

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"रडत होते म्हणून?"

"त्याच वेळी हात घालायचा म्हणजे..." ती अडखळली. "त्यांच्यावर विश्वास नाही असं दाखवल्यासारखं झालं असतं. मला ते बरं वाटेना."

"विश्वास नसतोच," साहेब म्हणाले. "त्याचाच पगार आहे तुला."

तिचंच वाक्य तिला परत मिळालं. तिला ते लागलं, दिसलं मला.

आमच्या दोघांच्या गळ्यातले पास साहेबांनी तिथेच काढून घेतले. दुसरी जोडी वर गेली. आम्ही कॉरिडॉरमधल्या बाकावर. म्हणजे फौजदार बाकावर, मी समोर फेऱ्या मारत. कवचाचं दार उघडायचं म्हणजे चटकन होत नाही. हवा तपासायची, पडदे लावायचे, मग स्क्रू. रॉकेट सुटायची वेळही हातातून जाणार हे आम्हाला दोघांना दिसत होतं. ती वेळ कुणाच्या सोयीने ठरलेली नसते. उपग्रहाला ज्या वाटेवर सोडायचं ती वाट आकाशात आपल्या जागी असते, आणि पृथ्वी फिरते तसा आमचा तळ रोज एकदा तिच्याखाली येतो. तेवढ्यात सोडलं तर सोडलं. नाहीतर उद्या, पुन्हा तिच्याखाली येईपर्यंत.

"बसा ना," फौजदार म्हणाली.

"नाही बसवत."

"मग निदान एकाच दिशेने चाला. मला घेरी येते."

हे जरा जुन्या आवाजात आलं. मी तिच्याकडे बघितलं, पण ती खिडकीकडे बघत होती.

शेवटी साहेब आले. "दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत. पापुद्रा निघालेला होता."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझ्या हाताने मला न विचारता त्याचं काम केलं होतं, आणि मी त्या वेळी कुठेतरी दुसरीकडे होतो. पुढच्या वेळीही तो करेल, असं कोण सांगणार?

"पापुद्रा नव्हता," साहेब म्हणाले, "पण तपासणीही नव्हती. तुम्ही फोन उचललात ते बरोबर केलंत, काका. आणि उद्या घरी राहा, परवापासून तुम्ही भांडारात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

"किती दिवस?"

"बघू." मग फौजदारकडे वळून, "तूही उद्या घरी. परवा मला येऊन भेट."

साहेब गेले. कँटीनवाला जाता जाता म्हणाला, "काका, तुमच्यामुळे उद्याही सगळ्यांचा स्वयंपाक आला." तो गेल्यावर फौजदारचा बांध फुटला.

"निघालेलाच होता," ती म्हणाली. "अख्ख्या तळाचा दिवस घालवलात."

"तू बोट घातलं असतंस तर नसता घालवला."

"तुम्ही रडला नसतात तर घातलं असतं."

"पुढच्या वेळी रडलो तरी घाल."

"घालीन. डोळ्यातच घालीन." ती उठली. "आणि माझं नाव का नाही सांगितलंत साहेबांना? मी काय लहान आहे, मला पाठीशी घालायला? आलेत मोठे काका." ती आणखी बरंच बोलली. लोक वळून बघायला लागले. मी ऐकत उभा राहिलो. किती दिवसांनी कुणी मला मनापासून रागावत होतं. मला वाटतं, त्या कॉरिडॉरमध्ये मी तेवढा वेळ जागचा हललो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना काही काम नव्हतं. संध्याकाळच्या आत फौजदार घरी आली आणि म्हणाली, "चला, बांधावर जाऊ."

तळाच्या फाटकाबाहेर एक लांब बांध आहे. रॉकेट सुटतं तेव्हा कामगारांची घरची माणसं तिथे जमतात. मी कधी गेलो नव्हतो. इतकी वर्षं रॉकेट सुटताना मी बिनखिडकीच्या खोलीत, आकड्यांसमोर. बायको मात्र एकही चुकवायची नाही. पहिल्यांदा बघून आली तेव्हा दार लावून हळूच म्हणाली होती, "अहो, तुमचं ते वाकडं गेलं. मी कुणाला बोलले नाही हं."

मी इतका हसलो होतो. मग समजावलं होतं, की ते वाकडं जायलाच हवं. नुसतं वर गेलं तर इंधन संपल्यावर सरळ खाली येईल, फेकलेल्या दगडासारखं. म्हणून ते थोडं वर गेलं की आडवं होतं आणि सगळा जोर पुढे पळण्यात घालतं. वर तर ते हवेच्या बाहेर पडण्यापुरतं जातं. पुढे एवढ्या वेगाने जातं, की खाली पडत असतं, पण जमीन गोल असल्यामुळे तीही खाली वळत जाते आणि ते जमिनीला कधी लागतच नाही. तेच फिरणं.

"म्हणजे पडतच असतं?"

"हो, सारखं."

"आणि थांबतं कधी?"

"थांबत नाही. थांबलं तर खाली येईल."

"बाई गं," ती म्हणाली होती. "म्हणजे बसायलाच मिळत नाही त्याला."

बांधावर बरीच माणसं होती. फौजदारने मला पुढे ढकललं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. आधी लांबवर नुसता उजेड झाला, आवाज नाही. रॉकेट जमिनीपासून सुटलं तरी आवाज नाही. इतकं सावकाश, की मला वाटलं ते आता मागे बसेल. मग आवाज आला, तो कानांनी नाही, छातीतून आला. ते वर गेलं, वेग घेतला, आणि थोड्या वेळात समुद्राच्या अंगाला झुकायला लागलं. मला सगळं ठाऊक होतं. तो कोन किती असतो तेही ठाऊक. तरी मी फौजदारची बाही धरली.

शेजारच्या एका बाईने नवऱ्याचा हात ओढला. "वाकडं चाललंय का हो?"

नवरा काही बोलायच्या आत मी म्हणालो, "नाही, ताई. बरोबर चाललंय."

ते ठिपका झालं आणि मग दिसेना. लोक टाळ्या वाजवून फोन बघायला लागले. आम्ही उभे राहिलो. बराच वेळ काही नव्हतं. फौजदारच्या फोनवर आतून कुणीतरी कळवायचं होतं. कवच गळून पडलं, कळलं. वेग मिळाला, कळलं. मग उपग्रह सुटा झाला. मग सगळ्यात लांबलेली वाट. मी बांधाच्या कडेने जाऊन आलो, पुन्हा गेलो. फोन वाजला तेव्हा तिने तो माझ्या नाकापुढे धरला. दोन्ही कॅमेऱ्यांना तारे दिसत होते.

"दिसलं?" ती म्हणाली.

"दिसलं. दे बघू पुन्हा."

तिने पुन्हा दाखवलं. घरी जाऊन सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी तिलाच सांगितलं, "ते खरंच वाकडं गेल्यासारखं दिसतं गं."

"काका, मग इतकी वर्षं तुम्हाला काय वाटत होतं?"

"मला वाटायचं, ती उगाच घाबरली."

फौजदारने फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, चेन ओढून बघितली.

"उद्या भांडारात किती वाजता जाणार?"

"नेहमीच्या वेळेला. का?"

"साहेबांनी उद्याच बोलावलंय. त्यांना भेटून झालं की मोकळी आहे. येते. तुम्ही लावलेले हातमोजे एकदा मोजून जाते."

"ते काही तुझं काम नाही."

"नाही," ती म्हणाली.

बांधावरची माणसं पांगली. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि बस भरलेली होती. ती म्हणाली, पुढची येईपर्यंत बसू. मला बसवेना, म्हणून आम्ही चालतच निघालो.